जकात गेली, आता पालिकेचा गल्ला कसा भरतो?

घरपट्टीचे बिल हातात पडले की दुकानदार विचारतो, एवढा पैसा घेतात, मग गटार का तुंबलेले? सवाल रास्त आहे. पण पालिकेकडे कोणता पैसा कोठून येतो आणि त्याला कोणती अट चिकटलेली असते, हे ठाऊक नसले की तगादा चुकीच्या दारावर लागतो.

आम्ही कापडवाले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या गाठी आणताना नाक्यावर ट्रक तासन् तास अडकत, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. (उर्दू शाळेत आम्ही या कराला चुंगी म्हणायला शिकलो. जकात ही आमच्या लेखी निराळीच बाब. मराठीत मात्र नाक्यावरची वसुली म्हणजेच जकात!) त्रास होता, पण बाजारात तेजी आली, माल जास्त उतरला, की पालिकेचा गल्ला त्याच दिवशी भरत असे.

नगरपालिकांची जकात 1999 मध्ये उठली. मुंबई सोडून इतर महानगरपालिकांत पुढे तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतील उलाढालीवरचा हा कर गेला. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा संपली.

आज कापडावर आपण 5 टक्के जीएसटी भरतो. राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालावर त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. पालिकेचा थेट वाटा शून्य. त्याऐवजी 2017 च्या कायद्याने राज्य सरकार महानगरपालिकांना नुकसानभरपाई देते. 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरसाल 8 टक्के वाढ. म्हणजे तेव्हा 100 रुपये असतील, तर पुढच्या वर्षी 108, त्यानंतर 116 रुपये 64 पैसे. गावाचा धंदा दुप्पट झाला तरी तेवढेच, आणि माग बंद पडले तरी तेवढेच. मंदीत हा आधार मोठा आहे. पण बाजार वाढला म्हणून बाजारपेठेतला रस्ता रुंद होईल, हा हिशेब आता जुळत नाही. तरी नाके परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

दुसरा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 साठी दहा लाखांच्या आतील शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधलेला होता. त्यातून डांबर टाकता येत नाही. शिवाय राज्याने मालमत्ता कराचा किमान दर ठरवावा आणि त्याची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढावी, अशी अट होती. दिल्लीच्या अनुदानाची दोरी अशी आपल्या घरपट्टीला बांधलेली असते, आणि पालिकेच्या स्वतःच्या हातातला मोठा कर आता हाच उरला आहे.

दुकानाचे बिलही ओळ-ओळ वाचावे. त्यातील शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका फक्त गोळा करते, पैसा राज्याचा. व्यवसाय करही राज्याचाच, वर्षाला जास्तीत जास्त 2500 रुपये. त्या रकमांवरून पालिकेशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. बिल थकवले, तर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, ती वेगळी.

मुंबईचा कायदा निराळा आहे. बाकीच्या महानगरपालिकांत पुढच्या वर्षाच्या करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. दराबद्दल बोलायचे तर त्याआधी नगरसेवकाला गाठावे. बिल आल्यावर खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात काही नसते. आकारणीच चुकली असेल, गाळ्याचे क्षेत्रफळ जास्त धरले असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी व पोच जपून ठेवावी. मुदत गेल्यावर तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. पुढे कोर्टात अपील करायचे झाले, तर वादातली रक्कम आधी भरावी लागते.