पायलट प्रशिक्षण : एका देशातील परीक्षेचा निकाल दुसऱ्या देशात चालतो का?

छत्रपती संभाजीनगर : बारावी विज्ञान झालेली आपली मुले-मुली आता पायलट कसे व्हायचे, हे विचारू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण बहुतेकांच्या घरातून या क्षेत्रात आधी कुणीच गेलेले नसते. त्यामुळे एजंट सांगेल तेच खरे मानले जाते. ‘परदेशात पेपर दिले की भारतात द्यावे लागत नाहीत’ हे असेच एक वाक्य. ते अर्धेच खरे आहे आणि त्यावर विसंबून कर्ज काढणे महागात पडू शकते. म्हणून हा नियम आपण नीट समजून घेऊ.

मूळ करार काय सांगतो?

विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झाला. किमान दर्जा पाळून दिलेले लायसन्स इतर देशांनी मान्य करावे, असे त्याचे कलम ३३ सांगते. मात्र आपल्याच नागरिकाने दुसऱ्या देशातून आणलेले लायसन्स आपल्या हद्दीतील उड्डाणासाठी नाकारण्याचा अधिकार कलम ३२ प्रत्येक देशाला देते. शिवाय ही मान्यता लायसन्सला आहे, सुट्या पेपरांच्या निकालाला नाही.

भारतात काय होते?

आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्स डीजीसीए देते. त्यासाठी एअर रेग्युलेशन, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांचे पेपर असतात. उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. परदेशी कमर्शियल लायसन्स पूर्ण करून आलेल्याला काही सूट मिळते. त्याला एअर रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-हवामानशास्त्राचा एकत्रित पेपर द्यावा लागतो. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा आणि डीजीसीएची वैद्यकीय तपासणी वेगळी. पण प्रशिक्षण अर्धवट सोडून आलेल्याच्या हाती लायसन्स नसते, म्हणून त्याला ही सूट नाही. तिथे पास केलेले पेपर इथे धरले जात नाहीत, सगळे विषय नव्याने द्यावे लागतात.

इतर देशांतही असेच

अमेरिकेत लेखी परीक्षेचा निकाल २४ महिनेच चालतो. युरोपात १३ विषय असून प्रत्येकात ७५ टक्के गुण लागतात. सर्व पेपर एकाच सदस्य देशाच्या प्राधिकरणाकडे आणि १८ महिन्यांत पूर्ण करावे लागतात. ब्रिटन २०२० अखेर युरोपीय विमान सुरक्षा व्यवस्थेतून बाहेर पडले आणि तेथील नव्या परीक्षांचे निकाल युरोपात आपोआप चालेनासे झाले. ज्या देशांनी वर्षानुवर्षे एकच परीक्षा चालवली, त्यांच्यात ही स्थिती. मग एजंटच्या तोंडी आश्वासनाची काय किंमत?

मग करायचे काय?

पैसे भरण्याआधी डीजीसीएची वैद्यकीय तपासणी करून घ्या. तिथे अडचण निघाली, तर कर्ज काढण्याआधी कळलेले बरे. शक्य असेल तर डीजीसीएचे पेपर भारतातच आधी द्या आणि मगच उड्डाण कुठे शिकायचे ते ठरवा. बारामती, गोंदिया येथे प्रशिक्षण संस्था आहेत. इथेच शिकल्यास दोन देशांच्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत. परदेशी गेलात तर लायसन्स हाती आल्याशिवाय देश बदलू नका. लॉगबुकमधील प्रत्येक तासाची नोंद प्रशिक्षकाच्या सहीनिशी जपून ठेवा.

पैशांबाबतही एक गैरसमज आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडी शिक्षणासाठी आहे. पायलट लायसन्स ही पदवी नव्हे. त्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेऊ नका.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे : वस्तीतील एखादे मूल या वाटेने निघाले असेल, तर कर्जाच्या कागदावर सही होण्याआधी त्याच्या पालकांसोबत बसा. भारतात कोणते पेपर पुन्हा द्यावे लागतील आणि प्रशिक्षण मध्येच थांबले तर किती पैसे परत मिळतील, याची उत्तरे संस्थेकडून लेखी घ्या. लेखी देत नसतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका.