संगणकीय आज्ञावलीतील बदल आणि परस्परावलंबित्वाची पूर्वतपासणी

प्रस्तावना :

महाविद्यालयीन प्रशासन, बँकव्यवहार, परीक्षापद्धती अशा सर्वच क्षेत्रांत संगणकीय आज्ञावलींचा वापर आज अपरिहार्य झाला आहे. एकदा तयार केलेली आज्ञावली कायम तशीच राहत नाही. नियम बदलतात, गरजा बदलतात आणि त्यानुसार तिच्यातही बदल करावे लागतात. हा बदल बहुधा काही ओळींपुरता असतो. परिणाम मात्र त्या ओळींवर विसंबून असलेल्या प्रत्येक भागावर होतो. बदलापूर्वी हे अवलंबित्व कसे तपासावे आणि त्याचा कोणता प्रकार नजरेतून निसटतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अवलंबित्वाचे प्रकार :

आज्ञावलीचा एक भाग आपल्या कार्यासाठी दुसऱ्या भागाचा आधार घेतो, तेव्हा पहिला भाग दुसऱ्यावर अवलंबून आहे असे म्हटले जाते. सोयीसाठी त्याचे तीन प्रकार करता येतील.

१) प्रत्यक्ष अवलंबित्व : येथे एक भाग दुसऱ्याला नावाने हाक मारतो. नाव बदलले की दोष बहुधा लगेच उघड होतो.

२) अप्रत्यक्ष अवलंबित्व : येथे आधाराचाही आधार असतो. दि. २२ मार्च २०१६ रोजी 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने 'एनपीएम' या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली आणि हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. त्यांपैकी अनेकांनी ती स्वतः कधीच मागवली नव्हती. त्यांनी वापरलेल्या अन्य साधनांनी ती परस्पर घेतली होती.

३) सुप्त अवलंबित्व : येथे दोन भाग एखाद्या मूल्याच्या अर्थाने, क्रमाने किंवा स्थानाने बांधलेले असतात. प्राध्यापकांच्या परिचयातील एक्सेलचे उदाहरण घेऊ. अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यातून चाचणीचे गुण घेण्यासाठी 'व्ही-लुकअप' सूत्रात 'तिसरा स्तंभ' असा क्रमांक दिलेला असतो. पुढे कोणी मध्ये उपस्थितीचा नवा स्तंभ घातला, तर चाचणीचे गुण चौथ्या स्तंभात सरकतात. सूत्र मात्र तिसऱ्याच स्तंभातील आकडा आणते. कोणतीही त्रुटी दर्शवली जात नाही आणि विद्यार्थ्याच्या नावापुढे उपस्थितीचा आकडा गुण म्हणून नोंदला जातो. सूत्राने वापरलेला कक्षच तक्त्यातून काढून टाकला (डिलीट केला) असता, तर निदान त्रुटीची सूचना तरी मिळाली असती.

एक उद्बोधक उदाहरण :

सुप्त अवलंबित्वाची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेतील 'नाइट कॅपिटल' या शेअर दलाली संस्थेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना दि. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणार होती. त्यासाठी संस्थेने आपल्या आज्ञावलीत नवा भाग जोडला आणि तो चालू करण्यासाठी एक जुनी खूण, म्हणजे फ्लॅग, पुन्हा वापरली. ही खूण पूर्वी 'पॉवर पेग' या कार्यासाठी होती. ते कार्य २००३ मध्ये वापरातून गेले होते. त्याच्या ओळी मात्र आज्ञावलीत तशाच राहिल्या होत्या. पुरेसे शेअर्स झाले की मागणी थांबवणारी मोजणीही २००५ मध्ये आज्ञावलीतील दुसऱ्या टप्प्यावर हलवण्यात आली होती. त्यानंतर 'पॉवर पेग'ची फेरतपासणी झाली नव्हती.

नवा भाग आठपैकी सात सर्व्हरवर पोहोचला, एकावर राहून गेला. बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरने खुणेचा जुना अर्थ घेतला आणि न थांबणाऱ्या मागण्या पाठवण्यास सुरुवात केली. गोंधळात कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरील नवा भाग काढून टाकला. परिणामी तेथेही 'पॉवर पेग' जागे झाले. ग्राहकांच्या केवळ २१२ मागण्यांपोटी सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि संस्थेस ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. येथे कोणतेही नाव चुकलेले नव्हते. एकाच खुणेचे दोन अर्थ एकाच वेळी जिवंत होते, एवढेच.

पूर्वतपासणीची पद्धती :

उपरोक्त विवेचनावरून बदलापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करणे इष्ट ठरते.

१) जो भाग बदलायचा आहे, त्याचे नाव संपूर्ण आज्ञावलीत शोधून वापरकर्त्या भागांची यादी करावी.

२) त्या भागांवर आणखी कोण विसंबून आहे, हे टप्प्याटप्प्याने पाहावे.

३) शोध आज्ञावलीपुरता न ठेवता विदासंच, मांडणीच्या फाइली, अहवालांचे नमुने आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे यांतही घ्यावा.

४) बदलणाऱ्या मूल्याचा अन्य कोणी वेगळा अर्थ घेतो काय, क्रमावर वा स्थानावर काही बेतलेले आहे काय, हे जाणकारांना विचारावे.

५) वापरातून गेलेल्या ओळी प्रथम काढाव्यात, जुन्या खुणेला नवा अर्थ देऊ नये, नवी खूण घ्यावी.

६) बदललेल्या भागाबरोबर त्यावर अवलंबून असलेल्या भागांचीही चाचणी घ्यावी. बदल सर्व यंत्रांवर पोहोचल्याची खात्री दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी.

यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांत संगणकीय साधने मोठे साहाय्य करतात. चौथी पायरी मात्र मानवी विचारणेवरच उभी आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मधील आपल्या शोधनिबंधात, बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकाच घटकात झाकून ठेवावा, असे तत्त्व मांडले. त्याचे पालन केल्यास अशा विचारणेची व्याप्तीच मर्यादित राहते.

निष्कर्ष :

जे अवलंबित्व नावाने बांधलेले असते ते साधनांना सापडते; जे अर्थाने बांधलेले असते ते विचारल्याशिवाय सापडत नाही, आणि मोठी हानी बहुधा त्यातूनच होते. म्हणून 'हा बदल चालतो काय' या प्रश्नाआधी 'यावर कोण विसंबून आहे' हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना बहुधा कोऱ्या पानावर नवी आज्ञावली लिहावयास सांगितले जाते. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीत एक लहानसा बदल करणे आणि तत्पूर्वी अवलंबित्वाची यादी सादर करणे, असे एखादे प्रात्यक्षिक त्यांत समाविष्ट केल्यास ही सवय महाविद्यालयीन पातळीवरच रुजू शकेल.