लहान मुलांसह शहराची सहल

घरातील सर्वांना एकत्र वेळ मिळावा आणि रोजच्या धावपळीतून विसावा लाभावा, यासाठी सहलीला जायचे असते. प्रत्यक्षात मात्र अनेक कुटुंबे सहलीहून अधिकच थकून परततात. मुले किरकिरी झालेली असतात, मोठ्यांची झोप झालेली नसते आणि खर्चाचा मेळ बसलेला नसतो. याचे कारण बहुधा एकच असते. आखणी करताना स्थळांची यादी आधी तयार होते आणि मुलांची भूक, झोप व चालण्याची शक्ती यांचा विचार मागाहून होतो. हा क्रम उलटा केला, तर त्याच वेळात आणि त्याच खर्चात सहल सुखाची होऊ शकते.

भिलाई-दुर्ग या जोडशहरातील मोहन नगरात राहणारे एक मराठी कुटुंब समजा. घरात आई-वडील, आजी, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. त्यांना तीन दिवसांसाठी नागपूरला जायचे आहे. त्यांची आखणी कशी असावी?

नागपूरची निवड

लहान मुलांसाठी ठिकाण निवडताना पहिला प्रश्न अंतराचा असतो. दुर्गहून नागपूर रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर आहे. जलद गाडीने साधारण चार तास लागतात. सकाळी निघाले तर दुपारी पोहोचता येते, रात्रीचे जागरण घडत नाही.

दुसरे कारण जुन्या संबंधांचे आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दुर्ग जिल्ह्याच्या राज्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे या भागातील अनेक मराठी घरांचे सोयरे आजही नागपुरात आहेत. शिवाय, घरात बोलली जाणारी भाषा दुकानांच्या पाट्यांवर आणि रस्त्यात कानी पडणे, हा परप्रांतात वाढणाऱ्या मुलांसाठी एक वेगळा अनुभव असतो.

दिवस कोणते असावेत?

उन्हाळ्याच्या सुटीत मुले मोकळी असतात. परंतु मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. अशा उन्हात लहान मुलांना घेऊन हिंडणे धोक्याचे असते. दिवाळीनंतरचे दिवस किंवा जानेवारी महिना सोयीचा. या काळात बाजारात अंबिया बहाराची संत्रीही असतात.

डिसेंबरची निवड मात्र विचारपूर्वक करावी. महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा याच महिन्यात नागपुरात भरते. तेव्हा राहण्याच्या खोल्या महाग होतात आणि काही रस्ते वाहतुकीसाठी बंद ठेवले जातात. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या सोहळ्यासाठी जायचे नसेल, तर लहान मुलांसह ते दिवस टाळावेत.

भिलाईचा इस्पात कारखाना रात्रंदिवस चालतो. पाळीने काम करणाऱ्यांना रविवारचीच सुटी मिळेल असे नसते. सहलीपुरती ही अडचण सोय ठरू शकते, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी सर्वत्र गर्दी कमी असते. मात्र संग्रहालये आणि बागा आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद असतात. निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी.

प्रवास

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पाच वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र जागा घेतली नाही, तर तिकीट लागत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्या, पण बारा वर्षांखालील मुलासाठी शयनयान डब्यात स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण आणि न घेतल्यास निम्मे भाडे पडते. म्हणजे या कुटुंबाला तीन पूर्ण तिकिटे आणि मुलीचे एक तिकीट काढावे लागेल. चार तासांच्या प्रवासात निम्म्या भाड्यात भागू शकते. पण मुलगा मांडीवर आणि मुलगी आजीला खेटून, अशी दाटी सर्वांनाच त्रासाची होणार असेल, तर मुलीसाठी पूर्ण भाडे भरणे हा अनाठायी खर्च नव्हे.

प्रवास हाही सहलीचा भागच असतो. दुर्ग सोडल्यावर शिवनाथ नदी लागते. डोंगरगडला टेकडीवरचे बम्लेश्वरी देवीचे मंदिर गाडीतून दिसते. त्यापुढे दरेकसाच्या जंगलात बोगदा येतो. गोंदियानंतर तुमसरच्या अलीकडे वैनगंगेचा पूल येतो. आता पुढे काय येणार, हे मुलांना आधीच सांगून ठेवले, तर त्यांचा वेळ खिडकीशी आनंदात जातो.

मुक्काम आणि नातलग

नागपुरात सोयरे असणे ही सोय आहे आणि अडचणही. एका मावशीकडे गेले की दुसऱ्या काकांकडे जाणे ओघाने येते. प्रत्येक घरी चहा, फराळ आणि आग्रह असतो. मुलांना मात्र प्रत्येक ठिकाणी नव्या माणसांसमोर शहाण्यासारखे बसावे लागते. अशा तीन भेटींनंतर मुलाने रडून घर डोक्यावर घेतले, तर तो त्याचा हट्ट नसून थकवा असतो.

यावर उपाय आधीच ठरवावा. मुक्काम एकाच ठिकाणी असावा. इतर नातलगांना एका संध्याकाळी तिथेच किंवा एखाद्या बागेत भेटायला बोलवावे आणि तसे निघण्यापूर्वीच कळवावे. आयत्या वेळी दिलेला नकार मनाला लागतो. आधी सांगितलेली अडचण बहुतेकांना समजते. खोली भाड्याने घ्यायची असेल, तर ती रेल्वे स्थानक किंवा सीताबर्डीच्या जवळ घ्यावी. थोडे भाडे जास्त पडले, तरी रोजचा रिक्षाचा खर्च आणि दुपारी खोलीवर परतण्याचा त्रास वाचतो.

दिवसाला एकच मुख्य ठिकाण

लहान मुलांच्या सहलीचा हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. सकाळी एक ठिकाण पाहावे, दुपारी जेवण आणि झोप घ्यावी, संध्याकाळी मोकळे हिंडावे. तीन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप चुकली, की संध्याकाळ सर्वांचीच बिघडते.

ठिकाणे निवडताना, आपल्या गावात जे नाही ते पाहावे. भिलाईच्या मुलांना मैत्री बाग परिचयाची असते. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ साली उभारलेल्या या बागेतील प्राणिसंग्रहालयात त्यांनी पांढरे वाघ पाहिलेले असतात. म्हणून नागपुरात पुन्हा प्राणी पाहण्यात वेळ घालवण्याची गरज नाही. गोरेवाड्याचे मोठे प्राणी उद्यान मुले थोडी मोठी झाल्यावर पाहता येईल.

या कुटुंबाची आखणी अशी असू शकते. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचावे, विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठी हिंडावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहावे. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात अरुंद रुळांवरून धावणारी जुनी इंजिने व डबे आहेत. या रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर असे. आजीला अशा गाडीतील प्रवास आठवत असेल, तर तिच्याइतका चांगला मार्गदर्शक दुसरा मिळणार नाही. संध्याकाळी मेट्रोने फेरी मारावी. नागपूरची मेट्रो २०१९ साली सुरू झाली. तिचे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. उंचावरून धावणाऱ्या गाडीतून शहर पाहणे ही मुलांसाठी अल्प खर्चातील मौज असते. तिसऱ्या दिवशी सकाळी रमण विज्ञान केंद्र पाहावे. चंद्रशेखर वेंकट रमण हे नोकरीच्या आरंभी काही काळ नागपुरात होते; त्यांचे नाव या केंद्राला दिले आहे. येथे यंत्रांना हात लावून खेळता येते. तारांगणात सात वर्षांची मुलगी रमेल. अंधाराला भिणाऱ्या धाकट्याला घेऊन एकाने बाहेर थांबावे. त्यानंतर परतीची गाडी धरावी.

अजबबंगला, म्हणजेच १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, या यादीत नाही. ते पाहण्याजोगे नाही असे नव्हे. एका सहलीत सर्व काही पाहिलेच पाहिजे, असा नियम नाही.

आहार, आरोग्य आणि सुरक्षितता

नागपूरचे सावजी जेवण प्रसिद्ध आहे, परंतु ते अतिशय तिखट असते. मोठ्यांनी त्याची चव जरूर घ्यावी. मुलांसाठी वरण-भात, दही-भात किंवा पोळी-भाजी पाहावी. संत्र्याची बर्फी मुलांना आवडते. प्रवासात उकळून गार केलेले पाणी, मुलांची नेहमीची औषधे आणि क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. क्षारसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावी.

मुलांच्या खिशात पालकांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. गर्दीत चुकामूक झाली तर जागचे हलू नये, हे मुलांना घरीच शिकवावे. संकटकाळी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि रेल्वे प्रवासात १३९ हे क्रमांक उपयोगी पडतात.

विसावा सर्वांचा

घरी स्वयंपाक, कपडे आणि मुलांचे सर्व काही जी स्त्री करते, तिनेच सहलीतही पिशव्या भरायच्या, मुलांना भरवायचे आणि निजवायचे, असे घडले तर तिच्या वाट्याला सहल आली असे म्हणता येणार नाही. म्हणून कामाची वाटणी स्थळांच्या यादीइतकीच स्पष्ट असावी. एका दुपारी वडिलांनी मुलांना सांभाळावे आणि आई व आजी यांनी सीताबर्डीच्या बाजारात निवांत फिरून यावे. मुलीकडे पाण्याची बाटली सांभाळण्याचे काम द्यावे. जबाबदारी मिळाली की मुले कुरकुर कमी करतात.

खर्चाचा अंदाज बांधताना तिकिटे, मुक्काम, जेवण आणि स्थानिक प्रवास यांची वेगवेगळी नोंद करावी आणि थोडी रक्कम अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. परतल्यावर कामावर रुजू होण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवता आला, तर उत्तम.

मोठेपणी मुलांना संग्रहालयाचे नाव आठवेल किंवा आठवणार नाही. मात्र आई-वडील घाईत नव्हते आणि आपल्या पावलांच्या गतीने चालत होते, हे त्यांच्या मनात राहते. सहलीची आखणी करताना जपायचे ते हेच.