विक्री दुप्पट, गल्ला रिकामा

फराळाच्या घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या बाईंना एक सल्ला हमखास मिळतो: "हाताला एवढी चव आहे, मग दुकानांना माल द्या की! धंदा वाढला की पैसा आपोआप येतो." सल्ला देणाऱ्याने बहुधा दुकानाला कधी माल दिलेला नसतो.

वाढत्या धंद्यात पैसा आधी जातो, मग येतो. घरून विकताना चिवड्याची पिशवी दिली की पैसे हातात. दुकानदार स्वतःचं कमिशन धरून भाव पाडतो आणि बिल महिना-दीड महिन्याने चुकतं करतो. हिशेब मांडून पाहा. समजा दरमहा 2 लाखांचा माल दुकानांत जातो आणि तेल, पोहे, शेंगदाणे, गॅस, पगार, पॅकिंग मिळून खर्च 1 लाख 60 हजार होतो. कच्चा माल भरल्यापासून तयार माल दुकानात पोचेपर्यंत पंधरा दिवस आणि उधारी 45 दिवसांची. म्हणजे पहिला पैसा दिसायच्या आत दोन महिन्यांचा खर्च, 3 लाख 20 हजार, खिशातून गेलेला. नफा महिन्याला 40 हजार. म्हणजे ही रक्कम भरून निघायला आठ महिने. मधेच ऑर्डर दुप्पट झाली तर अभिनंदनाचे फोन येतात आणि आणखी तेवढेच पैसे अडकतात. कागदावर नफा दाखवणारे कितीतरी धंदे याच टप्प्यावर बसतात, कारण तेलाचा डबा रोखीनेच आणावा लागतो.

"उधारीपुढे कायदा काय करणार?" हाही एक समज. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2023-24 पासून प्राप्तिकरातही मेख आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. मात्र माल देण्याआधी उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे मोजायचं कारण नाही. आणि हे संरक्षण माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे, नुसता आणून विकणाऱ्याला नाही. रोजच्या दुकानदाराशी कायद्याची भाषा बोलायला जीभ रेटत नाही, हे मान्य. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापायला कोण अडवतंय?

जीएसटीचा 40 लाखांचा आकडाही असाच अर्धवट पाठ असतो: वर्षाला तेवढ्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको. महाराष्ट्रात ही सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना आहे. कोल्हापूरकराला बेळगाव कधी परकं वाटत नाही, पण जीएसटीच्या नकाशावर ते दुसरं राज्य. तिथे करपात्र मालाचा एक खोका विकला तरी नोंदणी सक्तीची. दीड कोटी उलाढालीपर्यंतच्या कंपोझिशन योजनेत उत्पादकाला 1 टक्का कर भरून सुटता येतं. पण तो ग्राहकाच्या बिलात लावता येत नाही, आणि परराज्यात माल विकताही येत नाही.

पैसे अडकले की आठवणाऱ्या सरकारच्या मुद्रा योजनेबद्दल थोडक्यात: ते अनुदान नव्हे, कर्ज आहे. तारण लागत नाही, परतफेड लागते.

आता सगळ्यात चिवट समज: वाढायचं म्हणजे मोठी जागा, यंत्रं, शाखा. लिज्जतची सुरुवात 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली. संस्था देशभर पसरली, तरी पीठ केंद्रावर मळायचं आणि पापड बायकांनी आपापल्या घरी लाटायचे, ही रीत कायम राहिली. वाढली ती मापाची शिस्त. घरच्या धंद्यात नेमकं हेच अवघड जातं. मूठ, चिमूट, अंदाज यांवर एक किलोचे अनारसे सुरेख होतात. दहा किलोंना तोच अंदाज लावला की अनारसा तुपात हसतो आणि अख्खा घाणा वाया जातो. कृती ग्रॅममध्ये लिहून काढणं कंटाळवाणं आहे, शिवाय 'माझ्या हाताची चव' हा अभिमानही थोडा सोडावा लागतो. पुण्यातल्या 'आमची कोठेही शाखा नाही' या पाट्यांची आपण चेष्टा करतो, पण शाखा न काढणं हा कित्येकदा हिशेबी निर्णय असतो.

आणि कृती एकदा कागदावर आली की वाढीची खरी कमाई हाती लागते. मार्केट यार्डातून पोती उचलल्यावर किलोमागे भाव उतरतो, ते आहेच. पण मालकीणबाई ऐन दिवाळीत तापाने चार दिवस झोपल्या, तरी ऑर्डर वेळेवर जाते.