अंतर कमी, बोट दणकट

मिशिगन सरोवरावर रेल्वेचे डबे वाहणाऱ्या फेरीबोटी 1892 मध्ये सुरू झाल्या, त्या शिकागोच्या तुंबलेल्या यार्डांना वळसा घालण्यासाठी. कोणती बोट कोणत्या मार्गावर धाडायची, हे अंतरावर ठरत असावे असे वाटते. प्रत्यक्षात बर्फ आणि धक्का यांचा शब्द वरचढ असे. मॅकिनॉची सामुद्रधुनी जेमतेम आठ किलोमीटरची, तरी तिथे 1911 मध्ये ‘चीफ वावाटम’सारखी दणकट बोट आणली, पुढच्या टोकालाही पंखा बसवून. हिवाळ्यात तिथला बर्फ फोडल्याशिवाय वाहतूक चालणारच नव्हती.

मग लडिंग्टन ते मॅनिटोवॉक या सुमारे 97 किलोमीटरच्या मार्गावर मोठ्या बोटी का? आक्षेप रास्त आहे, पण लांबी हे त्याचे अर्धेच उत्तर. एका खेपेत जितके डबे जास्त, तितका प्रत्येक डब्यामागचा खर्च कमी. अर्थात पलीकडे तेवढे डबे वाट पाहत असतील तरच. शिवाय बोटीवरचे रूळ धक्क्यावरच्या हलत्या पुलाच्या रुळांशी जुळावे लागत, म्हणून कुठलीही बोट कुठेही लावता येत नसे. याच मार्गावरची ‘बॅजर’ आता डबे नेत नाही, मोटारी आणि प्रवासी नेते.