बर्फावरची बैठी शर्यत

पाय गेले म्हणजे माणसाची धाव संपली, असे आपण सहज बोलून जातो. स्वीडन-नॉर्वेकडे, जेथे हिवाळ्यात तळी गोठून टणक होतात, तेथे पाय अधू असलेल्यांचीही शर्यत लागत असे.

गाडी अगदी साधी. वर बसायची चौकट, खाली पोलादाच्या दोन अरुंद पाती. चाक नाही की बैल नाही! दोन्ही हातांत आखूड काठ्या, आणि टोकाला आपल्या पराणीसारखी अणी. अणी बर्फात रुतवायची नि मागे रेटायचे, की गाडी पुढे सुटलीच. पात घसरावी आणि अणी घसरू नये, एवढीच काय ती युक्ती. बाकी सारे काम खांद्यांचे, दंडांचे.

१९८० साली नॉर्वेतील हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, ही शर्यत आली. १९८८ साली ऑस्ट्रियात नॉर्वेच्या क्नूट लुंडस्ट्रॉमने शंभर मीटरपासून दीड हजार मीटरपर्यंत चार सुवर्णपदके मिळवली. शंभराला जोर लागतो, दीड हजाराला दम. पायांनी धावणाऱ्यांत तरी दोन्ही एकाजवळ कुठे असतात?

१९९८ च्या जपानमधील स्पर्धेनंतर मात्र ही शर्यत तेथे राहिली नाही. गाडी उरली. १९९४ पासून तिच्यावर बसून तेथे हॉकी खेळतात. काठीच्या एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला चकती मारायचे पाते.