दमानं वाढणाऱ्या गाठीचं नाव

मानेत वाटाण्याएवढी गाठ लागते. दुखत नाही, ताप नाही, शेतातली कामं चालू राहतात. परभणीकडे अशी गाठ दिसली की आधी गंडमाळ, म्हणजे गाठींचा क्षय, आठवतो. संशय रास्त आहे. पण पुरावा नसताना क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने चालल्या, तर फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे गाठींचा दमानं वाढणारा कॅन्सर, तसाच दडून राहतो.

‘गाठीला चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही भीती जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कानावर येते. बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही. उलट सुईच्या तपासणीत फक्त सुट्या पेशी येतात आणि या आजाराची ओळख पेशींच्या मांडणीत असते. म्हणून शक्यतो अख्खी गाठ काढतात. तिचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, काडेपेटीहून लहान. देवगिरी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात निघालेल्या माणसाच्या पिशवीत रिपोर्टचा कागद असतो, ब्लॉक आणि स्लाइड मात्र गावच्या लॅबमध्येच राहतात. ते आधी मागून घ्या. त्यावरच सीडी२०, सीडी१०, बीसीएल२ या तपासण्या होतात.

कागदावरचे आकडेही घाबरवतात. सी८२ हा फॉलिक्युलर लिम्फोमाचा आंतरराष्ट्रीय कोड. सी८२.१ म्हणजे पहिली स्टेज नव्हे; तो दुसरा ग्रेड, सूक्ष्मदर्शकात मोठ्या पेशी किती दिसल्या त्यावरून ठरलेला. कॅन्सर नोंदणीत ९६९०/३ लिहितात, त्यातला ३ एवढंच सांगतो की गाठ कर्करोगाची आहे. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. अशा नोंदी नेमक्या नावावरच उभ्या राहतात. पूर्ण रिपोर्ट येऊनही फाइलवर सी८५.९, म्हणजे ‘प्रकार नमूद नाही’, राहिलं असेल तर दुरुस्ती मागावी.

आणि चौथी स्टेज? हाडांच्या मगजात पेशी सापडल्या की चौथी लिहितात. या आजारात ते नेहमीचंच. असे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं संसार करतात.

सर्वांत जड जातं ते ‘आत्ता औषध नको’ हे वाक्य. घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांवर अभ्यास झाला. त्रास नसलेल्यांपैकी काहींना लगेच केमोच्या गोळ्या दिल्या, काहींवर नुसती नजर ठेवली. २००३ साली निष्कर्ष छापून आला: आयुष्यमानात लक्षणीय फरक नाही. गाठींचा दाब आला, रक्त उतरलं, रात्री कपडे भिजण्याइतका घाम आला, वजन घटलं, तर रिटुक्सिमॅब आणि सोबतची औषधं आहेत. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. झोपलेला विषाणू रिटुक्सिमॅबने जागा होऊ शकतो.

तोवर ठरलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत. एखादी गाठ काही आठवड्यांतच फुगली, तर तीच पुन्हा तपासावी लागते. आजार वेगवान झाला असेल तर उपचार बदलतात, कोडही: सी८३.३.